जाड पेन्सिल

नकाशा टेबलावर मावेना,
म्हणून एदेल्मिरा कोलिवोरोनं
पावाची टोपली उचलून खिडकीत ठेवली
आणि चिलीचा दक्षिण किनारा दाबून धरला :
एका कोपऱ्यावर येर्बाच्या चहाचा तुंबा,
मग चाकू, मग मीठ,
चौथ्यावर तिचं कोपर.

मी रंग समजावले.
निळा देवमाशाचा, हिरवा डॉल्फिनचा, तांबडा शार्कचा.
दिसले तिथं खूण करायची, आणि महिना सांगायचा.
"दिसायचे, आता दिसत नाहीत,
त्याला कुठला रंग?"
माझ्या पेटीत तो नव्हता.

मग तिनं माझा समुद्रच दुरुस्त करायला घेतला.
हे बेट जरा पश्चिमेला सरकव.
हा खडक तर तुझ्या कागदावर नाहीच,
माझ्या भावाच्या होडीला मात्र तो अचूक सापडला.
हे तिनं आवाज न उतरवता सांगितलं,
मिठाचा भाव सांगावा तसं.

काळे डॉल्फिन, आखूड तोंडाचे,
भरती लागली की खाडीच्या मुखाशी.
"शेजाऱ्याच्या कुत्र्यांसारखे.
बोलवावं लागत नाही."
हिरवा.
सॅल्मनचे पिंजरे आले त्या साली
त्यांनी दोन खाड्या सोडल्या.
त्या दोन्हींभोवती तिनं
पेन्सिलीच्या उलट्या टोकानं
नुसता वळ उमटवला, बिनरंगाचा.

लहान शार्क जाळ्यात येत.
पोट चिरलं की आत पिल्लं वळवळत,
तिची आई ती ओंजळीनं पाण्यात सोडायची
आणि मागे वळून बघायची नाही.
तांबडा. पण इतका फिका
की मला दिव्याजवळ धरून बघावा लागला.

निळी पेन्सिल हातात घेतली आणि ती थांबली.
"हा कागद कोण कोण बघणार?"
मंत्रालय, म्हणाले. बंदर खातं.
जहाजांची वाट वळवायची तर
जहाजवाल्यांनाही दाखवावा लागेल.
"आणि पर्यटकांना फिरवणारे?"
मी तुंब्याची नळी ओढत राहिले.
आत पाणी संपलेलं होतं,
तिनं तो आवाज ऐकला.

"फेब्रुवारीत एक आई येते, पिल्लू घेऊन.
पाठीवर पांढरा ओरखडा आहे तिच्या.
मी वल्हं वर घेऊन बसते.
तिचा श्वास अंगावर येतो,
नासक्या कोळंबीचा वास,
दोन दोन धुण्यांत जात नाही.
ती जागा मला परसातल्या बटाट्यांच्या वाफ्यासारखी ठाऊक आहे."

एवढं बोलून तिनं पेन्सिलीचं टोक
चुलीच्या लोखंडावर घासून बोथट केलं.
बेटापासून पार त्या भूशिरापर्यंत
निळं, आडवं, ओबडधोबड रंगवलं,
आणि अंगठ्यानं घोटत राहिली
कडा जाईपर्यंत.
"यातच आहे," म्हणाली.
"जहाजांना सांग, एवढं सगळं सोडा."

वाल्दिव्हियाच्या कार्यालयात
मी समुद्राचे चौकोन पाडते,
एकेक पाच किलोमीटरचा.
यंत्राला बंद रेष लागते.
पडद्यावर मोठं करून पाहिलं तर
निळ्या डागात तिच्या अंगठ्याची वलयं,
समान खोलीच्या रेषांसारखी.

वरच्या साहेबांनी खूण करून पाठवलं :
इथे एवढी संदिग्धता का?
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं,
माहिती देणारीला जागा नक्की माहीत आहे.