स्क्रूड्रायव्हर

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत बत्तीस वर्षं
मोटरीच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवून
मूठ कानाशी धरली मी.
बेअरिंग जायच्या आधी किरकिरतं,
झोपेत दात खाणाऱ्या पोरासारखं.

शलाका खासगीवाले तेच ऐकणं
काडेपेटीएवढ्या डबीत बसवते आहे.
आतला बोर्ड तीनदा जळाला.

अ‍ॅक्सिलरेटरवाल्यांनी साच्यापुरते पैसे दिले,
वर सहा महिने, एक टेबल,
आणि दर शुक्रवारी तोच प्रश्न:
हजार नग कधी?
जीवण पांचाळ साचा घासता घासता म्हणाला,
"बेन, लोखंडने तारीख ना समजाय."

शेवटच्या दिवशी अलकापुरीतल्या हॉलमध्ये
पैसे लावणारे बसले होते.
एकानं विचारलं, सध्या हे काम कोण करतं?
तिनं मागच्या रांगेकडे बोट केलं.
मी उभा राहिलो.
टाळ्या झाल्या असाव्यात;
उजव्या कानानं मला आता ऐकू येत नाही,
आणि त्या बाजूलाच सगळे होते.

डबी टेबलावर हिरवी.
टेबलाची मोटर ठीक होती, खोटं नाही.
पण वरचा पंखा, त्याची ती जराशी मान टाकणं,
मला तांबडं वाटलं.

खिशात स्क्रूड्रायव्हर होता.
शिडी नव्हती.