आयएनआर

दर तिसऱ्या सोमवारी
बिटको चौकातल्या लॅबमधून योगिनी येते,
दंडाला रबर बांधते आणि म्हणते, काका, मूठ.
मी मूठ वळतो.
चौतीस वर्षं नोटप्रेसमधून
या मुठीतून काही बाहेर गेलं नाही.
भोंगा झाला की झडती देऊन घरी.
आता रक्त जातं, निळ्या टोपणाच्या नळीतून,
पावतीसकट.

रिपोर्टावर आयएनआर पहिल्यांदा वाचलं
तेव्हा हसलो होतो.
वाटलं, रुपयाच.
इथंही आपलीच छपाई.

झडप बसवली तेव्हा एक्कावन्नचा होतो.
गोळी पाच मिलिग्रॅमची.
रात्री टिकटिक ऐकून कौसल्या म्हणायची,
घड्याळ उशाशी ठेवू नका हो.
साठीत चार झाली. सत्तरीला तीन.
आता एक्क्याऐंशी, आणि दोन,
गुरुवारी नि रविवारी दीडच.
आकडा मात्र तोच हवा, अडीच ते साडेतीन.

बाहेर सगळं उलटं.
मेथीची जुडी तीच, नोट मोठी लागते.
माझ्या आत भाव तोच
आणि दरसाल कमी मोजावं लागतं.
एवढी स्वस्ताई जन्मात पाहिली नव्हती.
मला ती आवडत नाही.

डॉक्टर दाणी म्हणाले, यकृत म्हातारं झालंय,
जुन्या कारकुनासारखं. गोळी टेबलावर पडून राहते,
लवकर निकाली निघत नाही.
शिवाय जेवण घटलं, वजन घटलं.
विचारलं, मग मी उरलो किती?
ते लिहीत होते.
म्हणाले, पुढच्या वेळी किडनीचीही तपासणी करू.

दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत
हात जुन्या सवयीनं तीनवर गेला, आठवडाभर.
आकडा पाच पूर्णांक आठ.
चूळ भरली तर बेसिन गुलाबी,
आणि कोपरावर, कुठं आपटलं आठवेना,
पिंपळगावच्या काळ्या द्राक्षाएवढा डाग.

तेव्हापासून डबी कौसल्याकडे.
सुपारी तिनं केव्हाच सोडली, अडकित्ता राहिला होता.
त्यात एकची गोळी धरते, श्वास रोखते, कट्.
चुरा बोटानं टिपते
आणि बेसिनमध्ये झटकते, चाटत नाही,
हे तुमचं, म्हणते, माझ्या अंगात नको.

अर्धी फाटकी नोट बँकेत कुरकुरत घेतात.
ही अर्धी बिनतक्रार चालते.
मी ती खिडकीच्या उजेडात धरतो,
पाण्याचं चिन्ह शोधत.
कौसल्या म्हणते, खरी आहे, गिळा.