रकाना एकशे तेरा

रात्रीचे पावणेदोन. मरोळ, चौथा मजला.
अमेरिकन फुटबॉलच्या मराठी समालोचनासाठी
शब्दांची यादी करतेय.
रकाना एकशे बारा, फंबल. मी लिहिलं : चेंडू सुटला.
रकाना एकशे तेरा, मफ. मी लिहिलं : चेंडू सुटला.

रेनाटा मिनेझिसनं दोन्ही ओळी पिवळ्या केल्या.
ओर्लेमची ती, खेळाचे नियम तोंडपाठ.
कागदाचा बोळा करून फेकला माझ्याकडे,
बोटांना लागून तो प्रिंटरखाली गेला.
"हा मफ. तुझा झालाच नव्हता."
मग तोच बोळा माझ्या मुठीत कोंबला,
घट्ट धर म्हणाली,
आणि मनगटावर फटका.
"हा फंबल."

मी म्हटलं, आमच्या क्रिकेटात
हातात कधी न आलेल्या चेंडूचाही
झेल सुटतो.
सुटायला आधी धरलेला नको का?
ती हसली. दिलदार आहे म्हणाली मराठी,
न मिळालेलंही हरवू देते.

चहाच्या मशीनपाशी चारकोप आठवलं.
म्हाडाचा फॉर्म, अकरा वर्षं,
शेवटी प्रतीक्षा यादीत चौथा नंबर,
आणि वरच्या तिघांतलं कोणी मागे हटलं नाही.
भाऊ अजून म्हणतात, चारकोपचं घर गेलं.
आणि भोईवाड्याची खोली,
जिच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या पेन्सिलखुणा,
आईच्या ऑपरेशनच्या महिन्यात पानसऱ्यांना दिलेली,
तीही गेलीच.
दोन्हींना एकच क्रियापद, आणि पुरतं.

"अजून एक फरक," रेनाटा म्हणाली, "टीप दे खाली.
किक झेलताना मफ झाला
तर किक मारणारे चेंडू ताब्यात घेऊ शकतात,
पण घेऊन पळता येत नाही त्यांना.
सापडला तिथंच थांबायचं.
फंबल मात्र उचलावा
आणि थेट शेवटच्या रेषेपर्यंत धावत सुटावं."

सुटले की पानसरे.
खोलीचा टॉवरात फ्लॅट झाला,
एका फ्लॅटचे दोन, त्यातला एक भाड्यानं.
चारकोपचं घर तिथंच आहे.
मी एकदा खालून बघून आले,
ग्रिलला लहान मुलाची सायकल टांगलेली,
दुसऱ्या कोणाच्या तरी.

साडेचारला दोन्ही रकाने भरले.
एकशे बारा : हातचा गेला.
एकशे तेरा : हाती लागला नाही.
रेनाटानं पिवळा रंग काढला.

सकाळी कांजूरला, भाड्याच्या घरी,
जिना चढून आले तर दारात दूधवाला पोरगा,
त्याचा हात अजून पुढेच,
आणि पिशवी फुटून दूध पार चपलांखाली.
"सुटली," भाऊ म्हणाले, फरशीकडे बघत.

त्यांच्या हातात ती आली होती का,
ते मला जिन्यातून दिसलं होतं. नीट दिसलं होतं.

मी फडकं आणलं.