साक्षीतलं एक क्रियापद

म्हापशाच्या कोर्टात मी दुभाषी.
शुक्रवार होता. खाली बाजारात
चोरिसांच्या माळा उन्हात तूप गाळत होत्या,
आणि वर, कुरकुरत्या पंख्याखाली
हळदोण्याची एस्पेरान्स मास्कारेन्हस
काळ्या कपड्यांत उभी राहून म्हणाली,
“तो हांसलो, बाये. म्हज्या घोवाच्या मरणाक.
फिस्स करून.”

स्टेनोची बोटं थांबली.
साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, इंग्रजीत सांगा.

आता सांगू काय?
घरी माझ्याकडे हसण्याचं अख्खं कपाट आहे.
खुदकन आहे, ते दात न आलेल्या पोराचं.
फिदीफिदी आहे, पण त्याला लाज नसते,
आणि ह्या हसण्याला तर इतकी लाज
की ते बाहेरच यायला तयार नव्हतं.
तोंडाचं दार लावून घेतल्यावर
मागच्या दाराने, नाकातून,
चपला हातात घेऊन सटकलेलं हसू ते.

डिचोलीला आठवीत असताना
मिस ऑलिंडांनी मला वर्गाबाहेर काढलं
ते ह्याच शब्दावरून. स्निगर.
पायरीवर बसून मी डिक्शनरीत पाहिला:
दाबलेले, बहुधा कुत्सित, हास्य.
बहुधा!
फळ्यावरचा आफ्रिकेचा नकाशा
बाजूने हुबेहूब हेडमास्तरांसारखा दिसत होता,
एवढंच होतं माझं.
पण त्या दिवसापासून तो शब्द
माझ्या खिशात आहे, खोट्या नाण्यासारखा.

“ही स्निगर्ड,” मी म्हटलं.
टाइप झालं.
कोर्टात शब्द ओला राहत नाही,
बोलल्या बोलल्या दगड होतो.

मग शाबा हळर्णकर उभा राहिला,
ज्याच्यावर कुंपणाचा दावा, आणि वर हे हसणं.
वकील म्हणाले, हसलात की नाही तेवढंच बोला.
“हसलो,” शाबा म्हणाला.
“पेटी सिमितेरीच्या गेटात अडकली, साहेब.
लिगोर सहा फूट दोन इंच.
तीस वर्षं माझ्या तावेर्नाच्या चौकटीवर
कपाळ आपटून तो म्हणायचा,
शाबा, देवळाचं दार असो की इगर्जीचं,
मला वाकल्याशिवाय कोण आत घेत नाही रे.
आणि त्या दिवशी पाद्री खांदेकऱ्यांना म्हणतो,
वाकवा, जरा वाकवा.
मी रुमाल तोंडात कोंबला. तरी आलं.
डोळ्यांतूनही आलं,
ते कुणी लिहून घेतलं नाही.”

पट्टेवाल्याला अचानक खोकला झाला.
स्टेनो टेबलाखाली पेन शोधू लागली,
पेन तिच्या केसांत होतं.
साहेबांनी फाइल चेहऱ्यापर्यंत उचलली
आणि बराच वेळ
एकच पान वाचत राहिले.

मी वकिलांना म्हटलं, शब्द बदलता येईल?
ते म्हणाले, बाई, ती साक्ष आहे,
बाजारातली भाजी नाही
की ही नको, ती द्या.

जिन्यावर एस्पेरान्सने मला गाठलं.
“इंग्लेजीत कितें बरयलें गो?”
स्निगर, मी म्हटलं.
“स्नि…गर,”
तिने कच्चं बिंबल चावावं तसा तो चावून पाहिला.
पुन्हा म्हणाली. स्निगर.
मग काठावरच्या काळ्या रेघेचा तो रुमाल
हळूच तोंडाशी गेला,
आणि खांदे हलू लागले.

मी पायऱ्या उतरत राहिले.
त्या खांद्यांना कुठलं क्रियापद लावायचं
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढची तारीख अकरा जून.