शंभरांची डबी

निमाणीहून सुटलेल्या वणी गाडीत
मांडीवर सहा डब्या घेऊन मी खिडकीपाशी.
झाकणांना टाचणीने पाडलेली भोकं,
दर डबीत मोजून शंभर ढालकिडे,
चुरगळलेल्या कागदात पाय रोवून बसलेले.
कंडक्टरने विचारलं तेव्हा म्हटलं, द्राक्षांचं औषध आहे.
ते काही खोटं नव्हतं.

म्हसरूळ मागे पडलं
तोवर शेजारची पोर डबीला कान लावून होती.
भोयांची देवकी, दुसरीतली,
आज शाळा बुडवून आईबरोबर मोहाडीला, थिनिंगला.
"चावत्यात का?"

पंधरा वर्षं मी हाच प्रश्न ऐकते आहे,
बागाईतदाराकडून, त्याच्या सुनेकडून, एकदा तर बँकेच्या साहेबाकडून.
उत्तर पाठ आहे: नाही हो, गरीब जात.
पण देवकीच्या करंगळीला ओला चुना होता,
कालच्या गांधीलमाशीचा,
आणि सुजलेल्या बोटाला
पाठ केलेलं उत्तर देता येईना.

कसं सांगू, पोरी,
आपल्या बोलण्यात सगळंच चावतं.
डास सोंड खुपसतो, आपण म्हणतो चावला.
गांधीलमाशी डंख मारते तो मागच्या टोकाने,
तोंड तिचं भलतीकडेच असतं,
तरी नाव तोंडाचंच.
नवी चप्पल चावते. तिला तर दातही नाहीत.
आणि पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली येतो ना,
लांबुळका, केशरी-काळा,
तो चावत नाही कुणाला,
नुसता मानेवरून चालत जातो.
झोपेत आपणच त्याला चिरडतो
आणि सकाळी भाजल्यासारखी रेघ उठली
की नाव त्याचं.
मुंगळा मात्र खरा चावरा.
ओढून मुंडकं तुटलं तरी जबडा सुटत नाही.
ह्याला निष्ठा म्हणावं की आडमुठेपणा,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि हे, डबीतले?
मखमलाबाद रस्त्याला आमची लॅब आहे.
फळ्यांवर ओळीने लाल भोपळे,
पिठ्या ढेकणाने पांढरे पडलेले,
भस्म फासून बसलेल्या बैराग्यांसारखे.
तेच ह्यांचं ताट.
एका मे महिन्यात दोन दिवस लाईट नव्हती.
भोपळे बसले, पाण्याचे बोळे वाळून खडखडीत.
मी पिंजऱ्यात हात घातला
तर मनगटावर बारीकसा चिमटा.
सुई नाही, काटा नाही,
शिंप्याने दाताने दोरा तोडावा, तेवढाच.
पाहिलं तर एक जण
माझ्या घामाला तोंड लावून बसलेला.

रक्त नाही, गांध नाही, खाजही नाही.
चावणं आणि चाखणं यांत एका अक्षराचं अंतर.
ते त्याला कळत होतं.
मी झटकला त्याला.
उताणा पडला, पाय मिटून घेतले,
आणि सांध्यांतून पिवळा थेंब आला, कडवट वासाचा.
घाबरले की हे गुडघ्यांनी रडतात.
बाराशे रुपयांच्या कामावर होते तेव्हा मी;
त्या रात्री कुणाला न सांगता
घरून बाटलीभर पाणी घेऊन परत गेले होते.

हे सगळं काही देवकीला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं,
"चावतात. क्वचित. तहान लागली तर."

ती गप्प झाली.
वरवंडी फाटा गेला. आई दांडीला डोकं टेकून झोपलेली.
मग म्हणाली, "आता लागली आसंल तर?"
आणि उत्तराची वाट न बघता
आईच्या बाटलीचं झाकण उघडून,
चुन्याची करंगळी नीट बाजूला धरून,
दुसऱ्या बोटावरून एकेक थेंब
टाचणीच्या भोकांवर सोडू लागली.
गाडी उडे तसा नेम चुकत होता.
माझी साडी भिजली, तिचा फ्रॉक भिजला.

ढकांब्याच्या नाक्यावर कंडक्टर वाकून बघतो तर काय,
"ताई, औषध गळतंय तुमचं!"

"गळत नाही," म्हटलं, "पितंय."