दर तासाला दहा मिनिटं

बायपासवर टोलनाक्याच्या अलीकडे डावीकडे वळलं
की समुद्र लागतो.
तसा फलकच आहे, निळा, डॉल्फिनसकट.
माणशी सातशे; मुलांचं तिकीट उंची मोजून.
श्रीरंगदादा ओजसच्या कानात म्हणाला,
गुडघ्यात जरा वाक.

फाटकावर डबा अडवला.
पहाटे उठून आईने केलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी,
वर शेवेचा पुडा.
गार्ड म्हणाला, माताजी, बाहर का खाना अंदर नहीं.
मग साडेनऊलाच, पार्किंगमध्ये डिकी उघडी टाकून
उभ्या उभ्या जेवलो.
मिहिका म्हणाली, ही पहिली राइड.

आत साडी चालत नाही.
आईला भाड्याने मिळाली जांभळी नायलॉनची तुमान
आणि कुणाच्या तरी मापाचा टी-शर्ट, छातीवर अननस.
मनगटावर रबरी कडं, त्यात लॉकरची किल्ली.
तिच्या पोटऱ्या मी जन्मात पहिल्यांदा पाहिल्या.
वहिनीने मोबाइल रोखला तर म्हणाली,
काढ, पण आचऱ्याला पाठवू नकोस.

फायबरचा देवमासा, त्याच्या जबड्यात आइस्क्रीम.
फुटकं जहाज, त्यात मॅगी.
पत्र्याचे माड, नारळांच्या जागी दिवे.
उंट तेवढा खरा, आणि कंटाळलेला.
ओजस शिंपले शोधत बसला,
त्याला बाटलीचं झाकण मिळालं, आणि केसांची एक पिन.
रेती नर्मदेची, बडवाहहून ट्रकने आलेली.
पाणीही तिचंच.
म्हणजे जे आपलं आपण समुद्राकडे निघालंच होतं
ते पंपाने घाट चढवून इथे आणायचं,
क्लोरीन टाकायचं
आणि सांगायचं, हो आता समुद्र.

भोंगा वाजला.
भिंतीमागे काहीतरी घरघरलं
आणि अख्खं इंदूर एका सुरात किंचाळलं.
दादा पडला, वहिनी पडली,
गॉगल लावलेले एक जाड काका
गॉगलसकट आमच्या अंगावरून गेले.
माझ्या नाकातोंडात नर्मदा.

आई उभी.
तिरकी, बसची वाट बघावी तशी,
एक खांदा लाटेकडे, गुडघे सैल,
दोन्ही हातांना दोन नातवंडं.
पाठ दाखवायची नाही तिला, ती सांगत होती,
छातीही काढायची नाही.
कूस द्यायची.

पुन्हा भोंगा.
पाणी ताटासारखं गप्प झालं.
लोक मॅगीकडे निघाले.
आई तिथेच, अजून तिरकी,
बोलता बोलता समोरच्याने फोन ठेवून द्यावा
तशी.

बटणापाशी बसणारा पोरगा अलीराजपूरचा, भुवान.
त्याने विचारलं, अम्मा, असली वाला कौन बंद करता है?
बंद नाही होता रे.
आईची हिंदी इतक्या वर्षांनीही घाट चढलेली नाही.
आगे आता है, पीछे जाता है.
भरती... तुमारा वो... ज्वार-भाटा.
भुवान खुदकन हसला.
ज्वार त्याच्या शेतात उभी होती,
आणि भाटा म्हणजे दगड, तोही त्याच शेतात, हवा तेवढा.
वो तो हमारे यहाँ है, अम्मा.

आईने जरा विचार केला,
ओला टी-शर्ट पिळला
आणि त्याला विचारलं, यंदा ज्वारी कशी आहे.
पुढचा भोंगा होईपर्यंत
दोघं त्याबद्दलच बोलत होती,
दाणा, पाखरं, भाव.

रात्री न्हाणीघराच्या जाळीत मूठभर रेती उरली.
वहिनी झाडूने लोटणार, तोवर आईने ती कागदावर गोळा केली,
कढीपत्त्याच्या कुंडीला बरी, म्हणाली.
किल्ली तिच्या मनगटावरच राहिली होती.
शंभर रुपये डिपॉझिट गेलं, दादा दोनदा म्हणाला.

पहाटे पावणेसहाला नळ आधी फुरफुरला,
मग खाकरला,
मग आईची हाक, आलं गं पाणी, उठा.
बादल्या वाजल्या.
आतल्या खोलीत ओजस
झोपेतच कुशीवर वळला
आणि गुडघ्यात जरा वाकला.