मंगळवार: काही नाही

पहाटे अंथरुणातच, डोळे न उघडता
मनगटावर दोन बोटं ठेवून मोजतो.
एकसष्ट.
चांगल्या दिवशी बावन्न असतात.
म्हणजे रविवार अजून अंगातून गेलेला नाही:
दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा पळणं.
नऊ आठवड्यांतली तिसरी शर्यत.

फ्रिजवर नेव्हिलने दिलेला तक्ता आहे.
आमच्या वर्सोव्याच्याच परेरांचा पोरगा,
माझ्या धाकट्याहून लहान,
दम देतो हेडमास्तरासारखा.
सोमवार: चालणं, वीस मिनिटं.
मंगळवार: काही नाही.
"काही नाही"खाली दोन रेघा.

पोर्ट ट्रस्टच्या टगवर तेहेतीस वर्षं काढली.
रजा साठवली, शेवटी विकून टाकली.
आता तीच रजा
गुडघे परत मागतात, व्याजासकट.

जयवंती बंदरावरून येते,
पाटीत उरलेला बर्फ बादलीत ओतते.
सुरमईचा वास असलेल्या त्या पाण्यात
मी पोटरीपर्यंत पाय सोडून बसतो.
"बर्फात म्हावरं ताजं राहतं," ती म्हणते,
"जिवंत होत नाही."
आणि कांदा चिरायला आत जाते.

पंचविशीत थकवा पाहुण्यासारखा यायचा,
ओट्यावर चहा पिऊन निघून जायचा.
आता येतो तो
वळकटी घेऊन.

साठीच्या पुढच्या गटात आम्ही तिघंच:
माटुंग्याचे शेषाद्री डॉक्टर, डोंबिवलीचे गद्रे मास्तर, मी.
कुणाची वेळ किती, ते आठवत नाही.
डॉक्टरांची कंबर, मास्तरांची टाच, माझा उजवा गुडघा,
हे मात्र तोंडपाठ.
मी नेहमी तिसरा.
या रविवारी दुसरा आलो.
पदक गळ्यात पडलं तेव्हा वळून पाहिलं,
मास्तर कुठे दिसेनात.

काल फोन केला.
"शीर गेली टाचेची," ते म्हणाले,
"पंधरा दिवस थांबायचं होतं, मी चौथ्या दिवशी पळालो.
आयुष्यभर पोरांना सांगितलं, पायऱ्या गाळू नका."
हसले. मग बराच वेळ
दोघांकडे नुसता पंख्याचा आवाज.

दुपारी घड्याळ मनगटावर थरथरतं:
बराच वेळ बसला आहात, जरा हला.
त्याला नेव्हिलचा तक्ता कोण दाखवणार?
काढून तांदळाच्या डब्यात खुपसतो.
बाहेर लाडक्या जाळ्याचं एकच भोक
सकाळपासून विणतोय.
त्याला कुणी विचारत नाही, किती किलोमीटर झालं.
मी त्याच्याशेजारी बसतो,
सुतळीचं टोक धरायला.
संध्याकाळपर्यंत एवढंच.

रात्री पुन्हा दोन बोटं.
सत्तावन्न.
पुढच्या शर्यतीचा फॉर्म भरायची मुदत बारापर्यंत,
अकरा वाजून गेलेत.
तांदळाच्या डब्याचं झाकण आवाज करतं, हे मला माहीत आहे.
जयवंती झोपलीय,
निदान पाठ तरी तसं सांगते.